पिकअपने छोटी बोट रॅम्पवरून पाण्यात उतरवणे: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि अलीकडेच बोट घेतलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. बोट म्हणजे येथे १४ ते २० फूट लांबीची, आउटबोर्ड इंजिनाची, एका आसाच्या ट्रेलरवर बसणारी आणि नेहमीच्या पिकअपने ओढता येणारी बोट अभिप्रेत आहे. बोट चालवण्याचा अभ्यासक्रम बरेच जण पूर्ण करतात. ती ट्रेलरवरून पाण्यात उतरवायला मात्र सहसा कोणी हाताला धरून शिकवत नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी कोणत्याही सार्वजनिक रॅम्पवर उभे राहिले की त्याच त्या चुका दिसतात. कोणी बुच, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला तळाशी पाणी काढण्यासाठी असलेल्या छिद्राचे झाकण, न लावताच बोट पाण्यात नेतो, कोणाचे बोटीची मागची बाजू ट्रेलरला बांधणारे पट्टे सोडायचे राहिलेले असतात, तर कोणी विंचचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या, पट्ट्याने बोट ओढून धरणाऱ्या हातरहाटाचा, हूक वरच काढल्यामुळे त्याची बोट काँक्रीटवर घसरते.

या तिन्ही चुकांत करायचे काम माहीत असते, पण ते कोणत्या क्षणी करायचे हे माहीत नसते. पुढील टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने करावेत. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की उतारावर फक्त दोन कामे करायची, ट्रेलर मागे नेणे आणि बोट सोडणे. बाकीचे प्रत्येक काम त्याआधी, सपाट जागेवर, उरकलेले असले पाहिजे.

टप्पा १: आदल्या दिवशी घरी

ट्रेलरच्या चाकांपासून सुरुवात करावी. वर्षातले बरेच महिने ट्रेलर एकाच जागी उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधीच जुने होतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाच्या अखेरीस चार आकडे असतात. त्यातील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी चांगली दिसत असली तरी बदलावा. हवा टायर थंड असतानाच मोजावी.

त्यानंतर वजन. उत्पादकाच्या पत्रकावरील बोटीच्या वजनात बहुधा पेट्रोल, बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी आणि सामान धरलेले नसते. एक गॅलन पेट्रोल सुमारे ६ पौंड भरते, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की १२० पौंड वाढले. हे सारे ट्रेलरच्या वजनात मिळवून ती बेरीज पिकअपच्या आणि हिचच्या, म्हणजे पिकअपमागे ट्रेलर जोडण्याच्या बॉलसह असलेल्या जोडणीच्या, मर्यादेत बसते का हे पाहावे. एकूण वजनापैकी हिचच्या बॉलवर पडणारा भार बोटीच्या ट्रेलरसाठी साधारण ५ ते १० टक्के धरतात. आपल्या ट्रेलरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. हा भार फार कमी असेल, म्हणजे सामान मागे रचलेले असेल, तर महामार्गावर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. जड सामान पुढे सरकवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

जीवरक्षक जॅकेटे माणसे मोजून ठेवावीत. संघराज्याच्या नियमानुसार चालत्या बोटीत तेरा वर्षांखालील मुलांनी, ती बंदिस्त केबिनमध्ये किंवा डेकखाली नसतील तर, जॅकेट अंगात घातलेले असलेच पाहिजे. काही राज्यांची वयोमर्यादा वेगळी आहे. शिवाय १६ फूट किंवा त्याहून लांब बोटीत फेकता येईल असे एक तरंगते साधन लागते.

तपासा: बुच हातात घेऊन पाहिले का? त्याच्या रबराला चीर गेलेली नाही ना? दुसरे बुच जवळ आहे का? हे दुसरे बुच पिकअपच्या कप्प्यात कायमचे ठेवावे.

टप्पा २: ट्रेलर जोडणे

हिचचे बॉल सामान्यतः १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच व्यासाचे असतात. बॉलवर आणि ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, आकार कोरलेला असतो, आणि तो दोन्हीकडे एकच हवा. २ इंची कपलर १ ७/८ इंची बॉलवर बसल्यासारखा दिसतो, कुलूपही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उचलून बाहेर येतो. डोळ्यांवर विसंबू नये, आकडा वाचावा.

कपलर बॉलवर बसवून खटका बंद करावा, त्यात खीळ घालावी आणि मग ट्रेलरचा पुढचा जॅक काही फेरे फिरवून वर उचलून पाहावा. पिकअपची मागची बाजू जॅकबरोबर वर येऊ लागली तर जोड पक्का आहे. नुसता ट्रेलरच वर आला तर कपलर बॉलवर बसलेलाच नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कधीही टाळू नये.

सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या जोडाव्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या फुलीत झेलली जाते. साखळ्या वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल, पण जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड असाव्यात. दिव्यांची तार जोडून डावा, उजवा आणि ब्रेकचा दिवा दुसऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्यावा. जॅक पूर्ण वर गुंडाळून आडवा केला की नाही, हे निघण्यापूर्वी पुन्हा पाहावे.

टप्पा ३: रॅम्प आधी पायी पाहणे

रॅम्पच्या आवारात शिरल्यावर गाडी बाजूला लावून चालत पाण्यापर्यंत जावे. नवखे लोक हा टप्पा हमखास गाळतात. पाहायचे ते पुढीलप्रमाणे.

उतार किती तीव्र आहे आणि काँक्रीट कुठपर्यंत आहे हे पाहावे. लांब काठी असेल तर पाण्याखालची कड चाचपून पाहावी. अनेक जण बोट परत चढवताना इंजिनाचा जोर लावून ती ट्रेलरवर रेटतात. पंख्याच्या त्या झोताने काँक्रीटच्या कडेपलीकडची माती उकरली जाते आणि तेथे खड्डा पडतो. ट्रेलरची चाके त्या खड्ड्यात उतरली की आस काँक्रीटच्या कडेला अडकतो आणि पिकअपने कितीही ओढले तरी वर येत नाही.

पाण्याची पातळी पाहावी. टेक्सासमधील ट्रॅव्हिस किंवा जॉर्जियातील लेनिअर हे तलाव धरणांच्या मागचे आहेत, त्यामुळे त्यांची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते. गेल्या वर्षी ऐसपैस वाटलेला रॅम्प या वर्षी पाण्याच्या वर संपलेला असू शकतो. रॅम्प उघडा आहे का, हे निघण्यापूर्वीच तलावाच्या व्यवस्थापनाच्या सूचनाफलकावर पाहून घ्यावे. समुद्रकाठी हेच काम भरती-ओहोटीचे कोष्टक करते. ओहोटीत उघडा पडलेला रॅम्पचा खालचा भाग हिरव्या शेवाळाने माखलेला असतो आणि तेथे माणूस व टायर दोन्ही घसरतात.

वारा कोणत्या बाजूने आहे, हेही याच वेळी ठरवावे. सोडलेली बोट वारा नेईल तिकडेच जाणार आहे. डॉकच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर ज्या बाजूला वारा बोटीला डॉककडे हळूच ढकलेल, ती गल्ली निवडावी.

टप्पा ४: सपाट जागेवर बोट सज्ज करणे

रॅम्पच्या वरच्या अंगाला तयारीसाठी आखलेली जागा असते. रांगेत शिरण्यापूर्वी तेथे थांबावे.

प्रथम चाकाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, हाताची पाठ जवळ नेऊन पाहावे. लांबचा प्रवास झाल्यावर तो कोमट असणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल तर आतल्या बेअरिंगमध्ये ग्रीस कमी असण्याची शक्यता आहे. तापलेला हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. पुढच्या महिन्यात रस्त्यावर बेअरिंग निकामी होण्याचे ते एक मोठे कारण असते. हब निवेपर्यंत पुढील कामे करावीत.

१. बुच लावावे आणि हाताने पूर्ण आवळावे. हे पहिलेच काम आहे. घरी असतानाच बुच बोटीच्या किल्लीला दोरीने बांधून ठेवण्याची सवय मी सर्वांना सांगतो, कारण मग बुच हाती घेतल्याशिवाय किल्ली वापरता येत नाही.

२. बोटीचे आच्छादन काढून घडी करून पिकअपमध्ये ठेवावे. जॅकेटे, वल्ही, नांगर, शिधा हे सर्व आत्ताच बोटीत चढवावे.

३. बोटीच्या नाकाला एक आणि मागच्या कडीला एक असे दोन दोर बांधावेत. नाकाचा दोर बोटीच्या लांबीहून मोठा असावा. डॉकच्या बाजूला फेंडर, म्हणजे बोट डॉकला घासू नये म्हणूनचे गुबगुबीत गोळे, टांगावेत.

४. मागचे पट्टे सोडावेत. ते राहिले तर बोटीची मागची बाजू तरंगू शकत नाही. ट्रेलर खाली जातो, बोट त्याला जखडलेली राहते आणि पाणी मागच्या फळीवरून आत येते.

५. इंजिनाला प्रवासासाठी लावलेला टेकू काढावा, पण इंजिन वर उचललेलेच ठेवावे. ते खाली केले तर मागे जाताना त्याचा खालचा पाता काँक्रीटवर घासतो.

६. पेट्रोलच्या सुट्या टाकीचे हवेचे छिद्र उघडावे आणि नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा. बॅटरीचा स्विच चालू करावा.

७. चालक जागेवरून पडला तर इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाजवळ ठेवावी. १ एप्रिल २०२१ पासून ३ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या इंजिनाच्या, २६ फुटांखालील बहुतेक बोटींत वेगाने जाताना ती जोडलेली असणे बंधनकारक आहे.

सावधान: विंचचा पट्टा आणि नाकाची साखळी या टप्प्यात काढायची नाही. रोलरच्या ट्रेलरवर बोट केवळ या दोन गोष्टींनी धरलेली असते. उतारावर त्या नसतील तर ब्रेकचा हलका झटकाही बोट काँक्रीटवर उतरवायला पुरतो. गालिचा मढवलेल्या लाकडी फळ्यांच्या ट्रेलरवर बोट सहज घसरत नाही, म्हणून काही लोक तेथे हूक आधी काढतात; फळ्या ओल्या झाल्या की त्याही निसरड्या होतात.

सर्वांत शेवटी, दिवे जुन्या काचेच्या बल्बचे असतील तर त्यांची तार काढावी, कारण तापलेला बल्ब थंड पाण्यात तडकतो. बंदिस्त एलईडी दिव्यांना याची गरज नसते.

टप्पा ५: ट्रेलर मागे घेणे

साखर कारखान्याच्या आवारात उसाची ट्रॉली मागे लावणारा ट्रॅक्टरचालक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे कौशल्य ओळखीचे वाटेल. चालक सुकाणू थोडेसेच फिरवतो, वाट पाहतो आणि ट्रॉली वळू लागताच लगेच सरळ करतो. येथेही तेच करायचे आहे.

एक हात सुकाणूच्या तळाशी, घड्याळातील सहाच्या जागी ठेवावा. ट्रेलरची मागची बाजू ज्या दिशेला जायला हवी, त्या दिशेला तो हात सरकवावा. उजवीकडे न्यायची असेल तर तळाचा हात उजवीकडे. उलटसुलट विचार करण्याची गरज उरत नाही. हात एका वेळी चार बोटांहून अधिक हलवू नये. ट्रेलर वळू लागला की पिकअपला त्याच्या मागे सरळ येऊ द्यावे, म्हणजे सुकाणू उलट बाजूला थोडे आणावे.

दोन्ही बाजूंच्या आरशांत ट्रेलरच्या चाकांवर नजर ठेवावी. एका आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला तर तो त्या बाजूला वळतो आहे. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा फार लवकर वळतो, त्यामुळे छोट्या बोटीचे काम सोपे असेल हा समज चुकीचा आहे. पिकअप आणि ट्रेलर यांच्यात कोन पडू लागला की सुकाणूने तो दुरुस्त करण्याचा आटापिटा न करता थांबावे, पुढे जावे, सरळ व्हावे आणि पुन्हा मागे यावे. असे तीनदा करावे लागले तरी हरकत नाही. रांगेतील लोक पाहत आहेत म्हणून घाई करणाऱ्यांचाच ट्रेलर आडवा होतो आणि पिकअपच्या बंपरला आदळतो.

माझा आग्रह असा की पहिल्या रविवारी बोट पाण्यावर नेऊच नये. एखाद्या रिकाम्या वाहनतळावर दोन रेघांमध्ये ट्रेलर मागे घेण्याचा तासभर सराव करावा, आणि नंतर आठवड्याच्या मधल्या दिवशी रॅम्पवर जावे.

तपासा: उतारावर पिकअपमध्ये फक्त चालक असावा. मुले, आजी-आजोबा आणि पाळीव प्राणी वर, वाहनांच्या मार्गापासून दूर थांबलेले असावेत. खिडक्यांच्या काचा खाली असाव्यात, कारण गाडी पाण्यात घसरलीच तर बाहेर पडण्याची ती वाट असते. मागे उभा राहून खुणा करणारा माणूस चालकाला आरशात सतत दिसत राहिला पाहिजे. तो दिसेनासा होताच चालकाने थांबावे. ट्रेलरच्या अगदी मागे किंवा ट्रेलर आणि डॉक यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये.

टप्पा ६: किती खोल जायचे

फळ्यांच्या ट्रेलरसाठी चांगली खूण म्हणजे पाणी ट्रेलरच्या मडगार्डच्या माथ्यापर्यंत येणे. रोलरच्या ट्रेलरला त्याहून कमी पाणी पुरते. उताराच्या तीव्रतेनुसार यात फरक पडतो: उतार सौम्य असेल तर बरेच मागे जावे लागते, तीव्र असेल तर लवकर थांबावे लागते. पिकअपची मागची चाके पाण्याच्या कडेला असावीत आणि धुराडे पाण्याखाली जाऊ नये. बोट तरंगत नाही म्हणून पिकअप आणखी मागे नेण्यापूर्वी मागचे पट्टे सुटले आहेत का, हे पाहावे.

थांबल्यावरचा क्रम: पायाने ब्रेक दाबून ठेवावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा, पार्किंग ब्रेक पूर्ण ओढावा, पायाचा ब्रेक सावकाश सोडून गाडीचा भार पार्किंग ब्रेकवर येऊ द्यावा, पुन्हा पायाचा ब्रेक दाबून गिअर पार्कमध्ये टाकावा. थेट पार्कमध्ये टाकले तर बोट, ट्रेलर आणि पिकअप यांचा सारा भार गिअरपेटीतील एका लहानशा खटक्यावर लटकतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बहुतेक पिकअपमध्ये पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो, आणि मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पार्कचा खटकाही त्याच चाकांना अडवतो. ती मागची चाकेच शेवाळावर उभी असतात. म्हणून चालकाने उतरताच पुढच्या चाकांच्या मागे रबरी ठोकळे लावावेत. ठोकळ्यांना दोरी बांधून तिचे दुसरे टोक हिचला अडकवले तर ते रॅम्पवर विसरले जात नाहीत. चार चाकांना शक्ती देण्याची सोय असेल तर उतार सुरू होण्यापूर्वीच ती चालू करावी.

टप्पा ७: बोट सोडणे

दोन माणसे असतील तर एकाने बोटीत बसावे आणि इंजिनाचा तळ पाण्यात पुरेसा जाईल इतके ते खाली करावे. विंचचा पट्टा लागलेला असतानाच इंजिन सुरू करावे. इंजिनाच्या मागच्या बाजूला एका छोट्या छिद्रातून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. ती पडत असेल तर थंडावा देणारा पंप चालतो आहे. धार दिसत नसेल तर इंजिन तत्काळ बंद करावे, छिद्र तारेने मोकळे करून पाहावे, आणि तरीही धार न आल्यास बोट परत घरी न्यावी. इंजिन बोटीच्या पोटात बंदिस्त असेल तर सुरू करण्यापूर्वी पेट्रोलची वाफ काढून टाकण्यासाठी पंखा किमान चार मिनिटे चालवावा.

इंजिन स्थिर चालू लागले की दुसऱ्याने प्रथम नाकाचा दोर हातात घ्यावा, मग साखळी काढावी आणि शेवटी विंचचा हूक. दोर हातात नसताना हूक काढणे ही पहिल्या मोसमातील नेहमीची चूक आहे, आणि तिची परिणती बहुधा थंड पाण्यात पोहत बोट आणण्यात होते. हूक काढण्यापूर्वी पट्टा थोडा ताणून विंचचा खटका मोकळा करावा लागतो. त्या क्षणी दांडा हातातून सुटला तर तो जोरात उलटा फिरतो आणि हाताची बोटे मोडू शकतो, म्हणून चेहरा आणि दुसरा हात त्याच्या कक्षेबाहेर ठेवावा.

बोटीतल्या माणसाने हळू मागे घेत बाहेर पडावे. बोट हलत नसेल तर इंजिनाचा जोर वाढवू नये. पिकअप फूटभर आणखी मागे न्यावा.

एकट्याने उतरवताना इंजिन सुरू करून तपासावे आणि मग बंद करावे. नाकाचा लांब दोर डॉकवरच्या खुंटाला सैल बांधावा, हूक काढावा आणि बोट ढकलून डॉकवरून दोराने ओढून घ्यावी. दोराचे टोक पिकअपला बांधून मागे येऊन थांबण्याची युक्ती काही जण वापरतात. ती जमायला गाडीवर उत्तम ताबा लागतो, म्हणून सुरुवातीला ती करू नये.

टप्पा ८: रॅम्प मोकळा करणे

बोट डॉकच्या दूरच्या टोकाला दोन्ही दोरांनी बांधावी, म्हणजे मागून येणाऱ्याला जागा मिळते. त्यानंतर ठोकळे काढून पिकअप सावकाश वर न्यावा. चाके फिरू लागून गाडी पुढे सरकत नसेल तर एक्सिलरेटर दाबत राहू नये. शेवाळावर फिरणारी चाके गाडीला आणखी खाली नेतात. पाऊल हलके करून चारही चाकांच्या शक्तीने निघावे. ट्रेलर लावण्यासाठी लांब आखलेल्या जागेतच गाडी उभी करावी.

टप्पा ९: परत चढवल्यानंतर

चढवण्याचा क्रम उतरवण्याच्या उलट आहे, मात्र ट्रेलर उतरवताना होता त्यापेक्षा थोडा कमी खोल ठेवावा. तो फार खोल गेला तर बोट तरंगत राहते आणि वर येताना तिरकी बसते. बोट विंचने ओढून आणावी, इंजिनाच्या जोराने चढवू नये. हूक आणि साखळी दोन्ही लावल्याशिवाय, इंजिन वर उचलल्याशिवाय पिकअप हलवू नये.

सपाट जागेवर येताच बुच काढून पाणी वाहू द्यावे, मासे ठेवण्याची टाकी रिकामी करावी आणि ट्रेलरच्या आसाला अडकलेल्या पाणवनस्पती हाताने काढाव्यात. झेब्रा आणि क्वागा हे शिंपले अशा उरलेल्या पाण्यातून आणि वनस्पतींवरून एका तलावातून दुसऱ्यात जातात. मिनेसोटासह अनेक राज्यांत बुच काढलेले असल्याशिवाय बोट रस्त्यावरून नेणे कायद्याने मना आहे. खाऱ्या पाण्यातून आलेला ट्रेलर, त्याचे ब्रेक आणि स्प्रिंगा त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवाव्यात, आणि इंजिनात गोडे पाणी फिरवावे.

मागचे पट्टे आवळून दिव्यांची तार पुन्हा जोडावी. पाच-दहा मैलांवर पहिली सुरक्षित जागा दिसताच थांबून पट्ट्यांचा ताण, कपलरची खीळ आणि दोन्ही हबची उष्णता पुन्हा पाहावी. वळणांवर बोट ट्रेलरवर थोडी सरकून बसलेली असते आणि पट्टे सैल पडतात. तेवढा ताण तेथेच पुन्हा भरून घ्यावा.